मानव संसाधन प्रमुखाची बदलती भूमिका : 'व्यूहात्मक भागीदार' या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मानव संसाधन विभागाचा इतिहास बहुधा चढत्या क्रमाने सांगितला जातो. आरंभी हजेरीपट व पगारपत्रक सांभाळणारा कारकून, त्यानंतर कामगार कल्याण अधिकारी, पुढे कार्मिक व्यवस्थापक, मग मानव संसाधन व्यवस्थापक आणि अखेरीस मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या शेजारी बसून कंपनीचे धोरण ठरविणारा मानव संसाधन प्रमुख, असा हा क्रम आहे. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांचे विद्यार्थी तो पाठ करतात आणि कार्मिक व्यवस्थापन व मानव संसाधन व्यवस्थापन यांतील फरक विचारला असता दोन रकान्यांत लिहून देतात. डाव्या रकान्यातील जुने ते सर्व संकुचित आणि उजव्या रकान्यातील नवे ते सर्व व्यापक, अशी त्या उत्तराची ठेवण असते.

या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. पद संचालक मंडळाच्या जितके जवळ, तितके ते अधिक विकसित, असे ते गृहीतक होय. ज्या माणसांच्या नावाने हा विभाग ओळखला जातो, त्यांच्यापासून या पदाचे अंतर किती वाढले, हा प्रश्न या मोजमापात उपस्थितच होत नाही. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची भारतीय औद्योगिक अनुभवाच्या आधारे तपासणी केली आहे. वरिष्ठ मानव संसाधन अधिकाऱ्याचे पद भारतात मुळात मालक व कामगार या दोन पक्षांच्या मधले पद म्हणून उभे राहिले. गेल्या तीन दशकांत ते एका पक्षाकडे सरकले आणि त्यामुळे मोकळी झालेली जागा कायद्याला निरनिराळ्या समित्या निर्माण करून भरून काढावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन मान्य केल्यास या पदासाठी आवश्यक मानल्या जाणाऱ्या कौशल्यांच्या यादीचाही फेरविचार करणे क्रमप्राप्त ठरते.

पदाची भारतीय पूर्वपीठिका

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारभरती दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. जॉबर खात्यावर देखरेख करी, गावाकडून आलेल्या माणसाला कामावर लावी, बदली कामगाराला काम देई अथवा नाकारी आणि या सर्वांबद्दल दस्तुरी घेई. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या व्हिटले आयोगाने भरतीचे काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावे, अशी शिफारस केली. १९३४ च्या सार्वत्रिक गिरणी संपानंतर मुंबई इलाख्यात औद्योगिक तंट्यांत समेट घडवून आणण्यासाठी कायदा करण्यात आला आणि त्यानुसार सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला. गिरणीमालक संघानेही स्वतःचा कामगार अधिकारी नेमला. १९३५ मध्ये बदली कामगारांच्या भरतीवर नियंत्रण आणणारी योजना सुरू झाली. म्हणजेच या पदाचा उगम मध्यस्थाच्या मनमानीला आळा घालण्याच्या गरजेत आहे.

या पदासाठी लागणारे शिक्षणही याच शहरात आकारास आले. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था मुंबईत स्थापन झाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. १९४७ मध्ये स्थापन झालेली मुंबईची कामगार शिक्षणसंस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे आद्य संघटक असलेल्या लोखंडे यांचे नाव व्यवस्थापनाच्या बाजूने काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संस्थेला असावे, यात या व्यवसायाच्या मूळ कल्पनेची खूण पाहता येते. कामगाराचे जीवन जाणल्याशिवाय त्याच्यासंबंधी निर्णय घेण्याचा अधिकार मिळू नये, ही ती कल्पना होय.

स्वातंत्र्यानंतर या कल्पनेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४९ अन्वये ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. या अधिकाऱ्याची पात्रता, कर्तव्ये आणि सेवाशर्ती ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाकडे ठेवण्यात आला. पुढे आदर्श नियमांत एक महत्त्वाची तरतूद आली. कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे कल्याण अधिकाऱ्याने हाताळू नयेत आणि समेट अधिकारी, न्यायालय वा न्यायाधिकरण यांच्यासमोर व्यवस्थापनाच्या वतीने कामगाराविरुद्ध उभे राहू नये, अशी ती तरतूद होती. वेतन मालकाने द्यायचे, परंतु मालकाच्या वतीने कामगाराशी लढायचे नाही, अशी ही रचना होती.

या कालखंडाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. १९३४ च्या कायद्यामागे कम्युनिस्ट संघटनांचा गिरण्यांतील प्रभाव कमी करण्याचा हेतूही होता. कल्याण अधिकाऱ्याचे काम अनेक ठिकाणी उपाहारगृह, पाळणाघर आणि गणवेश यांपुरते आक्रसले. त्याला ना कामगार आपला मानीत, ना व्यवस्थापन महत्त्वाच्या निर्णयात विचारी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या वेळी गिरण्यांत कामगारांशी संबंधित अधिकाऱ्यांची वानवा नव्हती आणि मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम १९४६ नुसार मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनाही अस्तित्वात होती. तरीही कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांचे नेतृत्व पत्करले. संपाची कारणे अनेक होती आणि त्यांची जबाबदारी कोणा एका पदावर टाकता येणार नाही. तथापि कायद्याने आखून दिलेला संवादाचा मार्ग अस्तित्वात असूनही त्यावरील विश्वास उडाला, तर काय घडते, याचे ते ठळक उदाहरण आहे. सारांश, जुन्या पदाचे दोष खरे होते. प्रश्न एवढाच की, ते दोष दूर करताना पदाचे मूळ प्रयोजनही दूर केले गेले काय?

'चार भूमिका' आणि त्यांतील अंतर्विरोध

भारतात कार्मिक विभागाला विकासाची दिशा देण्याचा प्रयत्न परदेशी प्रारूपांची वाट न पाहता झाला होता, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. १९७४-७५ मध्ये उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रो कंपनीसाठी मानव संसाधन विकासाची स्वतंत्र व्यवस्था सुचविली. कार्यमूल्यमापन, समुपदेशन, क्षमतांचा शोध आणि प्रशिक्षण ही तिची अंगे होती. माणसाच्या वाढीला केंद्रस्थान देणारी ही मांडणी होती. मात्र १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर कंपन्यांपुढील प्रश्न बदलले. स्पर्धा, पुनर्रचना आणि स्वेच्छानिवृत्ती योजना यांच्या काळात कर्मचारीसंख्या किती कमी केली, हाच या विभागाच्या कर्तबगारीचा निकष ठरू लागला.

याच सुमारास डेव्ह उलरिच यांचे 'ह्यूमन रिसोर्स चॅम्पियन्स' हे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. भविष्यकालीन धोरण आणि दैनंदिन कामकाज हा एक अक्ष, प्रक्रिया आणि माणसे हा दुसरा अक्ष, अशी आखणी करून त्यांनी चार भूमिका सांगितल्या : व्यूहात्मक भागीदार, प्रशासकीय तज्ज्ञ, कर्मचाऱ्यांचा कैवारी आणि परिवर्तनाचा वाहक. या प्रारूपाचे यश निर्विवाद आहे. मानव संसाधन विभागाने काय केले यापेक्षा त्यातून काय निष्पन्न झाले, हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला आणि केवळ नियमांवर बोट ठेवणाऱ्या अनेक विभागांना त्यामुळे आत्मपरीक्षण करावे लागले. भागीदार आणि कैवारी या भूमिकांत ताण आहे, याचीही जाणीव उलरिच यांनी त्या पुस्तकात ठेवली आहे.

परंतु प्रारूपाच्या पुढील प्रवासात हा ताण सुटला नाही, तो एका बाजूने कलला. भारतातील कंपन्यांनी चार भूमिकांपैकी पहिली भूमिका पदनामात घेतली. 'बिझनेस पार्टनर' हे पद सर्वत्र निर्माण झाले. प्रशासकीय काम सामायिक सेवा केंद्रांकडे अथवा बाहेरच्या कंपन्यांकडे गेले. परिवर्तनाचे काम सल्लागार संस्थांशी वाटून घेतले गेले. कैवाऱ्याच्या भूमिकेला मात्र ना पदनाम मिळाले, ना स्वतंत्र मनुष्यबळ. उलरिच व त्यांचे सहकारी १९८७ पासून करीत आलेल्या कौशल्यविषयक पाहण्यांची शब्दकळाही या दृष्टीने बोलकी आहे. २००७, २०१२ आणि २०१६ च्या फेऱ्यांत विश्वासार्ह राहून ठाम भूमिका घेणारी व्यक्ती, या अर्थाचे कौशल्यक्षेत्र नावानिशी होते. २०२१ च्या फेरीत सांगितलेली पाच क्षेत्रे व्यवसायाला गती देणे, मानवी क्षमता वाढविणे, गुंतागुंत सुलभ करणे, माहितीचा उपयोग करणे आणि सहकार्य वाढविणे अशी आहेत. भूमिका घेणे हा शब्दप्रयोग मथळ्यांतून गेला.

राम चरण यांनी २०१४ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या लेखाने हा प्रवास आणखी पुढे नेला. मानव संसाधन प्रमुखाचे पदच रद्द करून विभागाचे दोन भाग करावेत, वेतन व लाभ यांचे प्रशासन वित्तप्रमुखाकडे जावे आणि नेतृत्व व संघटन यांचा भाग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे राहावा, असे त्यांनी सुचविले. पुढच्याच वर्षी डॉमिनिक बार्टन व डेनिस केरी यांच्यासह लिहिताना त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी, वित्तप्रमुख आणि मानव संसाधन प्रमुख या तिघांच्या शिखरगटाची कल्पना मांडली. दोन्ही प्रस्ताव वरवर परस्परविरोधी दिसतात. एकात पद नाहीसे होते, तर दुसऱ्यात ते शिखरावर जाते. मात्र दोहोंतही तळच्या कर्मचाऱ्याने आपले म्हणणे कोणाकडे न्यावे, या प्रश्नाला स्थान नाही.

या कोंडीचे नेमके निदान कॅरन लेग यांनी १९७८ मध्येच केले होते. कार्मिक अधिकारी आपली प्रतिष्ठा दोन मार्गांनी मिळवू शकतो, असे त्यांनी दाखविले. संस्थेतील प्रस्थापित मूल्ये स्वीकारून आपल्या कामाने नफा कसा वाढतो हे सिद्ध करणे, हा पहिला मार्ग होय. संस्थेचे यश मोजण्याचे वेगळे, सामाजिक निकष संस्थेला मान्य करावयास लावणे, हा दुसरा मार्ग होय. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला त्यांनी अनुरूप नवप्रवर्तक म्हटले आणि दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला विचलित नवप्रवर्तक. व्यूहात्मक भागीदाराची सर्व मांडणी पहिल्या मार्गाची आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण ज्या निकषांवर भागीदाराचे मोजमाप होते, ते निकष ठरविण्यात त्याचा वाटा नसतो.

मोकळी झालेली जागा आणि कायद्याची तजवीज

मानव संसाधन प्रमुख संचालक मंडळाच्या जवळ जात असतानाच्या काळात विधिमंडळ काय करीत होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. विशाखा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला कर्मचारी, सदस्यांत किमान निम्म्या महिला आणि एक बाहेरचा सदस्य अशी रचना त्यात आहे. त्याच वर्षीच्या कंपनी अधिनियमाच्या कलम १७७ ने सूचीबद्ध कंपन्यांत दक्षता यंत्रणा अनिवार्य केली आणि योग्य प्रसंगी तक्रारदाराला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाण्याची वाट ठेवली. औद्योगिक संबंध संहिता २०२० ने २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक व कामगार यांचे समान प्रतिनिधित्व असलेली तक्रार निवारण समिती बंधनकारक केली. ही संहिता अन्य तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

या तिन्ही तरतुदींत एक समान सूत्र आहे. तक्रार ऐकण्याचे काम केवळ मानव संसाधन विभागावर सोपविणे कायद्याला पुरेसे वाटलेले नाही. कोठे बाहेरचा सदस्य आणला गेला, कोठे विभागाला वळसा घालून लेखापरीक्षण समितीपर्यंत मार्ग काढला गेला, तर कोठे कामगारांचे प्रतिनिधी बसविले गेले. कर्मचाऱ्यांचा कैवारी ही भूमिका पदातून बाहेर पडून कायद्याच्या कलमांत विखुरली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. त्या समित्यांचे कामकाज जुळवून आणण्याची जबाबदारी आज बहुधा मानव संसाधन विभागाकडेच असते आणि समिती खऱ्या अर्थाने चालते की वार्षिक अहवालापुरती उरते, हेही बऱ्याच अंशी विभागप्रमुखाच्या वृत्तीवर अवलंबून राहते.

येथे पदाच्या संरक्षणाचा प्रश्न उद्भवतो. कंपनी अधिनियम २०१३ मधील प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तींच्या व्याख्येत कंपनी सचिव आणि मुख्य वित्त अधिकारी यांची पदे नामनिर्देशाने येतात, मानव संसाधन प्रमुखाचे पद येत नाही. वैधानिक लेखापरीक्षकाला मुदतीपूर्वी दूर करावयाचे झाल्यास विशेष ठराव आणि केंद्र शासनाची पूर्वपरवानगी लागते. एकेकाळी कारखान्यातील कल्याण अधिकाऱ्याची कर्तव्ये व सेवाशर्ती शासनाच्या नियमांनी ठरत. त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक वेतन आणि मान मिळविणाऱ्या आजच्या प्रमुखाच्या नकाराला मात्र असा कोणताही कायदेशीर आधार नाही. ज्याच्या मर्जीवर पद अवलंबून आहे, त्यालाच विरोध करण्याची अपेक्षा अशा स्थितीत केवळ व्यक्तिगत धैर्यावर सोपविली जाते.

गणनेबाहेरचे कामगार

व्यूहात्मक भागीदाराच्या मांडणीतील सर्वांत मोठी त्रुटी कंत्राटी कामगारांच्या संदर्भात दिसून येते. वार्षिक उद्योग पाहणीनुसार संघटित कारखानदारीतील कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी सुमारे २० टक्के होते. २०२२-२३ मध्ये ते ४० टक्क्यांच्या पुढे गेले. अनेक कंपन्यांत या कामगारांचा व्यवहार खरेदी विभागाच्या अखत्यारीत येतो. सुटे भाग पुरविणाऱ्या ठेकेदाराप्रमाणेच माणसे पुरविणाऱ्या ठेकेदाराकडून दरपत्रक मागविले जाते आणि सर्वांत कमी दराला काम दिले जाते. मानव संसाधन प्रमुख संचालक मंडळापुढे कर्मचाऱ्यांचे समाधान, गळतीचे प्रमाण आणि प्रशिक्षणाचे तास यांचे जे तक्ते मांडतो, त्यांत एकाच यंत्राशेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचीच नोंद असते.

हरियाणातील मानेसर येथे मारुती सुझुकी कंपनीच्या कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी झालेला हिंसाचार आणि आग यांत मानव संसाधन विभागाच्या महाव्यवस्थापकांचा मृत्यू झाला. पुढे मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप सुनावली आणि ११७ जणांची निर्दोष मुक्तता केली. त्या कारखान्यात आदल्या वर्षापासूनच स्वतंत्र संघटनेच्या मान्यतेवरून संप व टाळेबंदी यांची मालिका झाली होती आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्नही मागण्यांत होता. हिंसेचे समर्थन कोणत्याही अंगाने होऊ शकत नाही. तुरुंगात दीर्घकाळ राहून निर्दोष सुटलेल्यांच्या हानीचाही विसर पडू नये. या घटनेचा अन्वयार्थ एका व्यक्तीच्या कौशल्यात वा चुकीत शोधणे हेही अन्यायाचे ठरेल. मात्र तिने एक गोष्ट सर्वांपुढे आणली. कामगाराच्या दृष्टीने व्यवस्थापनाचा चेहरा म्हणजे मानव संसाधन अधिकारी असतो. कारखान्यातील संवाद तुटतो, तेव्हा त्या तुटीच्या जागी प्रत्यक्ष उभा असणारा माणूस तोच असतो.

याबाबतीतही नियमनाने काही पावले उचलली आहेत. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला असून त्यात कायम कर्मचारी व कामगार आणि कायम नसलेले कर्मचारी व कामगार यांची संख्या स्वतंत्रपणे द्यावी लागते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० नुसार कंत्राटी कामगारांना कल्याणविषयक सुविधा देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर आली आहे. कल्याण अधिकारी नेमण्याची मर्यादाही ५०० वरून २५० कामगारांवर आणली गेली आहे. पाठ्यपुस्तकांनी डाव्या रकान्यात टाकून दिलेले पद कायद्याने अशा रीतीने अधिक व्यापक केले आहे, ही गोष्ट चढत्या क्रमाच्या सिद्धान्ताशी जुळणारी नाही.

तंत्रज्ञान आणि संयमाचा प्रश्न

वरिष्ठ मानव संसाधन अधिकाऱ्यांसाठी आज सर्वत्र सांगितले जाणारे कौशल्य म्हणजे विदा-विश्लेषण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर. त्याची आवश्यकता नाकारता येत नाही. हजारो अर्जांची छाननी, वेतनातील विषमतेचा शोध, गळतीच्या कारणांचा अभ्यास ही कामे संगणकाच्या साहाय्याने अधिक नेमकी होतात. तथापि यंत्र जुन्या निर्णयांवरून शिकते आणि जुने पूर्वग्रहही शिकते. ॲमेझॉन कंपनीने तयार केलेली भरतीची प्रणाली महिलांच्या अर्जांना कमी लेखत असल्याचे आढळल्याने ती सोडून देण्यात आली, हे २०१८ मध्ये उघड झाले. युरोपीय महासंघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने भरती व कर्मचारी व्यवस्थापनासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींना अधिक जोखमीच्या वर्गात घातले आहे.

भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. या अधिनियमाच्या कलम ७ ने नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय त्याची माहिती हाताळण्याची मुभा मालकाला दिली आहे. म्हणजे कर्मचाऱ्याच्या पडद्यावर किती लक्ष ठेवायचे, त्याच्या हालचालींची नोंद कोठवर करायची, या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी कंपनीच्या विवेकावर राहतात. अशा ठिकाणी तंत्र वापरता येणे हे अर्धेच कौशल्य होय. कोणती माहिती गोळा करायची नाही, हे सहकाऱ्यांना पटवून देणे हे उरलेले अर्धे कौशल्य होय. व्यूहात्मक भागीदाराच्या कौशल्य-यादीत हे दुसरे अर्ध क्वचितच आढळते.

कौशल्यांची फेरमांडणी

वरील विवेचनावरून वरिष्ठ मानव संसाधन अधिकाऱ्याच्या कौशल्यांसंबंधी तीन गोष्टी सूचित होतात. पहिली म्हणजे, आर्थिक ताळेबंद वाचण्याइतकेच कारखान्याच्या वा कार्यालयाच्या तळाशी काय चालले आहे ते स्वतः जाऊन जाणून घेणे हे कौशल्य मानले जावे. समाधानाच्या पाहणीतील सरासरी आकडा कंत्राटी कामगाराच्या रात्रपाळीविषयी काही सांगत नाही. दुसरी म्हणजे, कामगार कायद्यांचे ज्ञान हे कनिष्ठ अधिकाऱ्यांवर सोपविण्याचे काम नव्हे. चार संहितांच्या अंमलबजावणीत निश्चित मुदतीच्या नेमणुका, वाटाघाटीसाठी संघटनेची मान्यता आणि तक्रार निवारण यांबाबतचे निर्णय शिखरावरच घ्यावे लागणार आहेत. तिसरी म्हणजे, असहमती लेखी व कारणांसहित नोंदविण्याची क्षमता. तिच्यावाचून पहिल्या दोन क्षमता निष्फळ ठरतात.

ही तिसरी क्षमता व्यक्तीच्या स्वभावावर सोपवून चालणार नाही. तिला संस्थात्मक आधार हवा. मानव संसाधन प्रमुखाला स्वतंत्र संचालकांशी वर्षातून ठरावीक वेळा, अन्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत बोलण्याची सोय असावी. त्याची नेमणूक व मुक्तता नामनिर्देशन व मोबदला समितीच्या विचारविनिमयाने व्हावी. कंत्राटी कामगारांची जबाबदारी खरेदी विभागाकडून त्याच्याकडे यावी आणि संचालक मंडळापुढील प्रत्येक तक्त्यात त्यांचा स्वतंत्र रकाना असावा. वित्तप्रमुखाला हिशेबाच्या सचोटीबद्दल जसे जबाबदार धरले जाते, तसे या प्रमुखाला माणसांच्या गणनेतील सचोटीबद्दल जबाबदार धरावयाचे असेल, तर एवढे बळ त्याला देणे भाग आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. कंपनीचे वेतन घेणाऱ्याने दोन्ही पक्षांचा विश्वास मिळवावा ही अपेक्षाच अव्यवहार्य असून कामगारांचे म्हणणे मांडण्यास कामगार संघटना समर्थ आहेत, असा तो आक्षेप होय. संघटनांची जागा कोणत्याही अधिकाऱ्याने घेऊ नये, हे मान्यच आहे. परंतु माहिती तंत्रज्ञान, किरकोळ विक्री, खासगी बँका अशा क्षेत्रांत आणि कंत्राटी कामगारांतही संघटना दुर्बळ आहेत अथवा नाहीतच. शिवाय प्रस्तुत विवेचनात अधिकाऱ्याने कामगारांचा प्रतिनिधी व्हावे, असे म्हटलेले नाही. व्यवस्थापनाला कटू माहिती वेळीच पोहोचावी, एवढीच अपेक्षा त्यामागे आहे. ती अपेक्षा व्यवस्थापनाच्याही हिताची आहे.

समारोप

वरिष्ठ मानव संसाधन अधिकाऱ्याची भूमिका विस्तारली, यात शंका नाही. धोरणनिर्मितीत त्याला मिळालेले स्थान स्वागतार्ह असून ते सोडून त्याने पुन्हा हजेरीपटाकडे वळावे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र ज्या कामासाठी हे पद निर्माण झाले, ते काम समित्यांत विखुरले जाणे आणि जवळपास निम्मे कामगार त्याच्या नजरेबाहेर जाणे याला विकास म्हणता येणार नाही.

या विषयाच्या अध्यापनाशी महाविद्यालयांचा थेट संबंध आहे. चार भूमिकांचा तक्ता फळ्यावर काढताना त्याशेजारी कलम ४९ आणि कल्याण अधिकाऱ्यासंबंधीची आदर्श नियमांतील तरतूद ठेवता येईल. एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा शाश्वतता अहवाल वर्गात वाचून कायम आणि कायम नसलेल्या कामगारांचे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घेता येतील. औद्योगिक न्यायालयाच्या कामकाजाला भेट देणे हे कंपनीच्या कार्यालयाला भेट देण्याइतकेच अभ्यासक्रमाचा भाग होऊ शकते. आजचे विद्यार्थी काही वर्षांनी अशा पदांवर बसतील. नोकरकपातीची यादी किंवा कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवणारी एखादी प्रणाली स्वाक्षरीसाठी त्यांच्यासमोर येईल, तेव्हा स्वाक्षरीपूर्वी कोणते प्रश्न विचारावयाचे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक करून देण्याची जागा वर्ग हीच आहे.